एकटीची वाट

आषाढ जवळ आला की महाराष्ट्राच्या वाटा माणसांनी फुलून जातात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया पंढरीच्या मार्गाने चालू लागतात आणि त्यांना पाहून कोणाच्याही मनात चिंतेचा लवलेशही येत नाही. पुढे दिंडी, मागे दिंडी, मुखी नाम आणि मुक्कामाच्या जागी आधीच उभी राहिलेली राहुटी! अशा मेळ्यात भय शिरावे तरी कोठून? परंतु सर्वच यात्रा मेळ्याने होत नाहीत. काही वाटा अशा आहेत की, तेथे माणसाला दिवसचे दिवस आपल्याच पावलांची सोबत असते. नर्मदेची परिक्रमा ही अशीच एक वाट होय.

अमरकंटकाच्या डोंगरात उगम पावलेली नर्मदा १३१२ किलोमीटर वाहत जाऊन भडोचजवळ सागराला मिळते. परिक्रमावासी नदीला सतत उजव्या हाताला ठेवतो. एका तीराने समुद्रापर्यंत जातो, तेथे नावेने पलीकडे होतो आणि दुसऱ्या तीराने परततो. मध्ये कोठेही नदीचे पात्र ओलांडावयाचे नाही, असा दंडक आहे. ही सारी वाट अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. जवळ ओझे थोडे बाळगावे, वाटेत मिळेल ते अन्न गोड मानून घ्यावे आणि भेटेल त्याला ‘नर्मदे हर’ म्हणून पुढे जावे, ही या वाटेची रीत आहे.

या परिक्रमेतील अत्यंत बिकट टप्पा नंदुरबार जिल्ह्यात येतो. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि तिच्या दक्षिणेस सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक उभ्या आहेत. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील या अरण्यप्रदेशाला ‘शूलपाणीची झाडी’ असे जुने नाव आहे. मणिबेली गावी शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळ होते. सरदार सरोवराचे पाणी चढू लागले, तेव्हा १९९० नंतरच्या दशकात ते पाण्याखाली गेले आणि देवाची स्थापना गुजरातेत गोरा येथे नव्या मंदिरात झाली. नदीकाठची जुनी पायवाटही जलाशयाने गिळली. आज कोणी धडगाव-मोलगीच्या बाजूने डोंगर चढून जातो, तर कोणी शहादे, प्रकाशा, तळोदे या सखल मुलखातून वळसा घेतो. चढण उभी, वस्ती विरळ आणि दोन पाड्यांच्या मध्ये केवळ रान, असे या डोंगरवाटेचे स्वरूप आहे.

अशा वाटेवर एखादी स्त्री एकटी निघाली तर लोक काय म्हणतात? “बाईमाणसाने एकटीने जाऊ नये,” हे उत्तर बहुधा प्रश्न संपण्यापूर्वीच येते. या उत्तरात माया नसते असे नाही. आई, वडील, भाऊ यांना काळजी वाटते आणि ती वाटणे साहजिकच आहे. रानात वाट चुकते, पाय मुरगळतो, अंधार लवकर पडतो; शिवाय जगात दुष्ट माणसेही आहेत. तथापि, मायेने दिलेला सल्लाही एकदा तपासून पाहणे इष्ट असते.

हा सल्ला तपासण्यास सातपुड्याचा डोंगर हीच योग्य जागा होय. याच डोंगरातील भिल्ल आणि पावरा स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या या वाटा तुडवीत आल्या आहेत. झऱ्याचे पाणी, रानातील सरपण, मोहाची फुले, आठवड्याचा बाजार, दुसऱ्या पाड्यावर आजारी पडलेली लेक, अशा नाना कारणांसाठी त्या चालतात. कधी सोबतीने, कधी एकट्याने. डोक्यावर पाटी आणि पाठीशी मूल बांधून धडगावच्या बाजाराला निघालेल्या स्त्रीला “एकटी कोठे निघालीस?” असे दटावून कोणी परत धाडीत नाही. वाट तीच, रान तेच, चढणही तीच. मग परिक्रमेला निघालेल्या स्त्रीलाच तेवढा हा प्रश्न का पडावा?

कारण उघड आहे. पहिली घरच्या कामासाठी चालते. दुसरी स्वतःच्या मनासाठी चालते. ओझे वाहणारी स्त्री एकटी चालली तर समाजाला खटकत नाही. परंतु नदी पाहावी, देव पाहावा, आपले मन पाहावे म्हणून ती निघाली, की मात्र वाटेवरची सारी संकटे सर्वांना एकदम आठवू लागतात. यावरून दिसते ते एवढेच की, स्त्रीच्या पायांत बळ नाही असे कोणी खरोखरी मानीत नाही. तिला स्वतःची अशी इच्छा असावी, हेच अजून पुष्कळांच्या अंगवळणी पडलेले नाही.

संकटे मात्र खोटी नाहीत, हेही विसरता कामा नये. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासी लुटले जात, ही गोष्ट जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. अंगावरच्या वस्त्रांखेरीज काही उरू न देणाऱ्या त्या लुटारूंना यात्रेकरू ‘मामा’ म्हणत. ज्या लोकांच्या वाट्याला डोंगरातील मूठभर जमीन आणि पोटभर उपास आला होता, त्यांच्या हातून हे घडे. सारा दोष त्यांच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आज त्याच परिसरातील पाड्यांवर परिक्रमावासीयाला बसावयास खाट आणि प्यावयास पाणी पुढे केले जाते. ज्याच्या घरी उद्याची भाकरी अनिश्चित आहे, तोही आजच्या भाकरीतील अर्धी मोडून देतो. वाट निर्भय होते ती अशा रीतीने.

वाट निर्भय करण्याचे हे काम नर्मदेच्या काठी एका स्त्रीने फार पूर्वी ओळखले होते. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वर येथून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकर यांनी घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, अन्नछत्रे घातली. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांची दुसरी एक गोष्ट मात्र त्याहूनही विचार करण्याजोगी आहे. त्यांच्या राज्यातील डोंगरी मार्गांवर भिल्लांचा उपद्रव होत असे. अहिल्याबाईंनी आधी कठोर उपाय योजले; परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर ‘भिलकवडी’ नावाचा लहानसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला आणि त्याच्या बदल्यात त्या हद्दीतील वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच सोपविली. काल जो वाट अडवीत होता, तोच आज वाटेचा राखणदार झाला. “प्रवास करू नका,” असे अहिल्याबाईंनी प्रवाशांना सांगितले नाही; त्यांनी वाट सुधारली. शहाणपण म्हणतात ते हेच.

इतर देशांतील अनुभवही याहून वेगळा नाही. जपानमधील शिकोकू बेटाभोवती अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरांची यात्रा आहे. १९१८ मध्ये ताकामुरे इत्सुए नावाची चोवीस वर्षांची तरुणी त्या यात्रेला एकटी निघाली. वाटेत भेटलेल्या सत्तरी ओलांडलेल्या एका वृद्धाने आग्रहाने तिची सोबत केली. तिने पाठविलेला प्रवासवृत्तान्त वृत्तपत्रात क्रमशः छापून आला आणि लोकांनी तो आवडीने वाचला. पुढे हीच तरुणी जपानी स्त्रियांच्या इतिहासाची थोर अभ्यासक झाली. त्या बेटावर यात्रेकरूला फळ, अन्न, निवारा देण्याची रीत आजही चालू आहे. स्पेन देशातील सान्तियागोच्या यात्रामार्गावर एलियास व्हालिन्या या धर्मोपदेशकाने १९८० नंतरच्या दशकात ठिकठिकाणी पिवळे बाण रंगवून वाट दाखविली. गावोगावी स्वस्त निवारेही उभे राहिले. अलीकडच्या वर्षांत तेथे पोहोचणाऱ्या यात्रेकरूंत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक असते आणि त्यांतील कित्येक एकट्याच चालतात. त्या देशांतील स्त्रिया जन्मतः अधिक धीट असतात असे नव्हे. खूण, निवारा आणि माणुसकी या तीन गोष्टी वाटेवर असल्या की धैर्याला उभे राहण्यास जागा मिळते.

अशा चालण्याने काय साधते, असे कोणी विचारील. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये आणखी दोन स्त्रियांसह नर्मदेची परिक्रमा पायी पूर्ण केली आणि त्या अनुभवावर पुस्तकही लिहिले. परंतु त्यांची परिक्रमा पुस्तकापाशी संपली नाही. नदीकाठच्या खेड्यांतील मुलांना धड शिक्षण मिळत नाही, हे त्यांनी चालता चालता पाहिले होते. पुढे नोकरी सोडून त्या मध्य प्रदेशात मंडलेश्वरच्या परिसरात जाऊन राहिल्या आणि लेपा या गावी मुलांच्या शिक्षणाचे कार्य त्यांनी उभारले. वाहनातून वेगाने जाणाऱ्याला गाव दिसते. पायी जाणाऱ्याला गावातील माणूस दिसतो. भारती ठाकूर यांना “बायकांनी या वाटेला जाऊ नये,” असे सांगून घरी बसविले असते, तर हानी केवळ त्यांची झाली नसती. त्या मुलांचीही झाली असती.

निर्भयता म्हणजे अविचार नव्हे. डोंगरात पाऊल टाकण्यापूर्वी वाटेची माहिती घ्यावी, मुक्काम दिवसाउजेडी गाठावा, आपण कोठे आहोत हे घरी कळवावे, अनोळखी माणसाची पारख करावी आणि मनाला शंका आली तर तेथे न थांबता पुढे जावे. हे नियम स्त्रीला लागू आहेत तसेच पुरुषालाही आहेत. अज्ञान मुलांनी तर अशा वाटेला एकटे जाऊच नये. परंतु सावध राहा असे सांगणे वेगळे आणि घरी बस असे सांगणे वेगळे. पहिल्या उपदेशाने माणूस चालण्यास योग्य होतो. दुसऱ्याने त्याचे पाय असून नसल्यासारखे होतात. शिवाय वाटसरू घरी बसला म्हणून वाटेवरचा दोष नाहीसा होत नाही. तो तसाच राहतो आणि बाजाराला निघालेल्या, शाळेला निघालेल्या, पाण्याला निघालेल्या दुसऱ्या एखाद्या मुलीच्या आड येतो. परिक्रमेची गोष्ट थोड्यांची असली, तरी वाटेची गोष्ट सर्वांची आहे.

म्हणून प्रत्येक गावाने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. आपल्या गावच्या धर्मशाळेत आतून कडी लागते का? स्त्रियांसाठी न्हाणीघराला आडोसा आहे का? फाट्यावर वाट दाखविणारी पाटी आहे का? आणि दारी आलेल्या अनोळखी बाईला “एकटीच का आलीस?” असे विचारण्यापूर्वी कोणी तिच्या हाती पाण्याचा तांब्या देते का? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी मोठे धन लागत नाही. मुलग्यांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. वाटेने जाणाऱ्या मुलीला पाहून टवाळी न करणे आणि टवाळी करणाऱ्या मित्राला तेथेच थांबविणे, हेही वाट बांधण्याचेच काम आहे.

किल्ले, राजवाडे आणि रुंद रस्ते यांवरून एखाद्या देशाची श्रीमंती कळते. परंतु त्या देशातील माणसे कशी आहेत हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या आडवाटेवरून दिवेलागणीच्या सुमारास घराकडे परतणाऱ्या एकट्या मुलीकडे पाहावे. तिची पावले शांतपणे पडत असतील, तर त्या वाटेवरच्या माणसांनी आपले कर्तव्य केले आहे, असे खुशाल समजावे.