भिंतींना वाचा द्या



मुंबईतील बोरीबंदर स्थानकाच्या ज्या इमारतीसमोरून लक्षावधी माणसे रोज सकाळी कचेरी गाठण्यासाठी धावतात आणि दिवेलागणीला तितक्याच लगबगीने परतीची गाडी पकडतात, ती इमारत अलीकडे रात्री रंगीत दिव्यांत न्हाऊन निघते. दगडी नक्षीवर कधी निळी, कधी जांभळी छटा चढते, पाहणारा क्षणभर थबकतो, छायाचित्र घेतो आणि चालू लागतो. या शोभेचे आम्हांस वावडे नाही. परंतु सार्वजनिक भिंतीवर एवढा प्रकाश पडूनही त्यातून या शहराच्या रहिवाशांविषयी एक अक्षर उमटू नये, आणि जेथे प्रकाश काही बोलतो तेथे तो बहुधा जाहिरातदाराच्या वतीनेच बोलावा, ही गोष्ट आम्हांस मनापासून खटकते.

उजेडाकरवी कथा सांगण्याची विद्या आपल्याला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात नाचवून पिढ्यान्‌पिढ्या रामकथा सांगत आले आहेत. इमारतीवर चित्र प्रक्षेपित करताना पडद्याच्या जागी भिंत आली, एवढाच काय तो फरक.

ही विद्या किती दूर जाऊ शकते याचा दाखला मेक्सिकोच्या सरहद्दीवरील तिहुआना शहरात मिळतो. तेथील सांस्कृतिक केंद्राचे चित्रगृह एका प्रचंड गोलाच्या आकाराचे असून लोक त्यास ‘चेंडू’ म्हणूनच ओळखतात. १९४३ साली वॉर्सा येथे जन्मलेले कलावंत क्शिश्तॉफ व्होदिच्को यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये त्या गोलावर परदेशी मालाची जोडणी करणाऱ्या कारखान्यांतील कामगार स्त्रियांचे चेहरे प्रक्षेपित केले. कॅमेरा आणि ध्वनिग्राहक बसविलेले एक साधन डोक्यावर चढवून बाई चौकात उभी राही. तिची मान कोणीकडेही वळली तरी चेहरा चौकटीच्या मध्यभागीच राही. आणि घरातली मारहाण, कामावरचा छळ, पोलिसांची दांडगाई याविषयी ती जे बोले, ते तिच्याच डोळ्यांनिशी आणि ओठांनिशी, घरापेक्षा उंच होऊन, भर चौकात त्याच क्षणी उमटे. जिची तक्रार ऐकून घेण्यास कोणतीही कचेरी राजी नव्हती, तिच्यापुढे अख्खे शहर मान वर करून उभे राहिले. त्याच कलावंताने १९९८ साली बॉस्टनमधील बंकर हिलच्या २२१ फूट उंच स्मारकस्तंभावर, ज्यांची मुले त्याच वस्तीत मारली गेली अशा मातांना बोलते केले होते.

कोणी म्हणेल, पुरातन वास्तूंस यामुळे अपाय होईल. प्रकाश खिळा ठोकत नाही, रंग फासत नाही. दिवा मालवला की भिंत जशीच्या तशी. कोणी म्हणेल, शेजाऱ्यांची झोपमोड होईल. ध्वनिक्षेपकास रात्री दहाची मर्यादा कायद्याने घातलेलीच आहे. ती आम्हांस मान्य आहे. राहता राहिली भीती ती कोण काय बोलेल याची. आणि ज्या शहरास स्वतःच्या माणसांचे बोलणे ऐकण्याची भीती वाटते, त्याने ती भीती नाहीशी करावी, भिंती मुक्या ठेवू नयेत.

सबब महापालिकेकडे आमच्या मागण्या अशा:

१. सार्वजनिक मालकीच्या निवडक इमारतींवर वर्षातील काही रात्री जाहिरातीविना राखून ठेवाव्यात, आणि कलावंतांच्या अर्जांवर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय द्यावा.

२. सुशोभनासाठी होणाऱ्या तरतुदीतून यंत्रसामग्रीचा खर्च आणि कलावंताचे मानधन द्यावे.

३. ज्यांची कहाणी सांगावयाची त्यांची संमती घ्यावी, आणि ती केव्हाही मागे घेण्याची त्यांना मुभा असावी.

आरंभ कापडगिरण्यांच्या वस्तीतून, म्हणजे गिरणगावातून व्हावा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मनोरे उठले, तरी काही चिमण्या अद्याप उभ्या आहेत. चिमणी अरुंद, उंच आणि गोल असते. तिच्यावर देखावा मावत नाही, उभा माणूस मात्र नेमका मावतो. साच्यावर उभ्याने पाळी काढलेला विणकर आणि खाणावळ चालवून त्याच्यासारख्या शेकडोंना जेवू घालणारी बाई यांना त्या विटांवर एकदा उभे राहू द्या. ही माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या साक्षीस फार काळ उरलेला नाही.

हे पत्रक वाचून शेजाऱ्याच्या हाती द्यावे, आणि आपल्या विभाग कार्यालयात वरील मागण्यांचा अर्ज स्वतःच्या सहीनिशी दाखल करावा, ही कळकळीची विनंती.