आजी काही करीत नसे

दिवाळी जवळ आली, घरात चकलीच्या भाजणीचा वास सुटला, की मला हटकून आजीची आठवण येते. आणि आजीबरोबर एका शिरगणतीवाल्या गुरुजींचीही!

आमचे घर कोल्हापुरात, गंगावेशीजवळ. 1971 सालचा मार्च महिना होता. मी तेव्हा सातवीत होतो. जनगणनेच्या कामावरचे एक गुरुजी दुपारी घरी आले आणि सोप्यात बसून कागद भरू लागले. वडिलांचा धंदा लिहून झाला, काकांची नोकरी झाली, माझी शाळासुद्धा झाली. मग त्यांनी विचारले, "आणि आजी काय करतात?"

वडील सहज म्हणाले, "आई? ती काही करत नाही. घरीच असते."

आता त्या दिवशी आजीने काय काय केले होते, ते ऐका. पहाटे चारला उठून तिने तांब्याचा बंब पेटवला होता. दहा माणसांची अंघोळीची पाणी त्यावर झाली. काकू बाळंतीण होती. तिच्या तान्ह्याला तेल लावून न्हाऊ घातले, काकूला शेक दिला. दूध तापवले, भाकऱ्या थापल्या. शिवाय ते दिवस वर्षाची चटणी करण्याचे. बाहेरगावचे लोक जिला मसाला म्हणतात, तिला आम्ही कोल्हापूरकर चटणीच म्हणतो. तिखटपणाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. धणे, तीळ, खोबरे वेगवेगळे भाजायचे, कांदा-लसूण तळायचा आणि मग सारे डंकावर कुटून आणायचे. आजीजवळ ना माप, ना तराजू. चिमूटभर जिभेवर टाकून ती म्हणे, "मीठ कमी हाय." आणि ते कमीच असे!

वडिलांचे उत्तर तिने माजघरातून ऐकले. बशीत कप ठेवून ती बाहेर आली आणि हसून म्हणाली, "लिवा की पावणं, म्हातारी काय बी करत न्हाई म्हणून. पर च्या घेतल्याबिगर जाऊ नगासा."

सगळे हसले. मीही हसलो. गुरुजींचा तरी काय दोष? त्यांच्या कागदावर घरकामाची खूण होती. पण ती काम न करणाऱ्यांच्या यादीत!

1978 साली आजी गेली. पुढच्या उन्हाळ्यात आई आणि काकू चटणी करायला बसल्या. मिरच्या त्याच, डंकही तोच. पण पहिल्या रविवारी तांबड्या रश्श्याचा घोट घेतल्यावर वडिलांचा हात थांबला. बराच वेळ ते वाटीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्या गुरुजींना मी भलतंच सांगितलं रे." आठ वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांच्या मनातून गेली नव्हती, हे मला तेव्हा कळले. पण आईजवळ हे बोलायचे त्यांचे राहूनच गेले.

आता काळ बदलला आहे म्हणतात. 2019 साली सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला 299 मिनिटांचा वेळ बिनपगारी घरकामात जातो, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटांचा, असे तीत आढळले. 2021 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघाताच्या खटल्यात सांगितले की गृहिणीच्या श्रमाला मोल आहे. भरपाई ठरवताना ते धरलेच पाहिजे. वाचून बरे वाटले. पण बाई अपघातात गेल्यावरच तिच्या कामाचा हिशेब मांडायचा, हे काही मनाला पटेना.

आणि दुसऱ्यांना कशाला नावे ठेवू? 2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई आमच्या दारात उभ्या होत्या. पत्नीच्या कामाविषयी त्यांनी विचारले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "काही नाही, घरीच असते." वडिलांचेच शब्द! त्यांचा पश्चात्ताप डोळ्यांनी पाहूनही मी काही शिकलो नव्हतो. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला. पत्नी काही बोलली नाही. चहाचे कप तेवढे बाहेर आले.

त्यानंतरची जनगणना 2021 साली व्हायची, ती लांबणीवर पडली. पुढच्या खेपेस कागदावर कोणते रकाने असतील, ते सरकार जाणे. मी मात्र एक ठरवले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला पत्नीलाच बाहेर बोलवायचे. तिला काय सांगायचे ते ती सांगेल. आणि तोवर पावण्यांसाठी चहा मी टाकीन.

आजी असती तर चव घेऊन नक्की म्हणाली असती, "साखर कमी हाय."