किल्ल्यावर कुत्रा? छे छे!

गडकिल्ल्यांच्या पावित्र्याचा ठेका घेतलेल्या मंडळींशी माझं भांडण आहे. आणि ते एका कुत्र्यावरून आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मामला जरा गंभीर आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं मित्र आणि माझा शेरू (जात: शुद्ध देशी, सोसायटीच्या गेटवरची) थाळनेरला कॅम्पिंगला गेलो. थाळनेर म्हणजे धुळे जिल्हा, शिरपूर तालुका, तापीचा काठ. तंबू किल्ल्यात नव्हे, ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून. शेरू पूर्ण वेळ पट्ट्याला. रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी. फोटो ट्रेकिंगच्या ग्रुपवर टाकला आणि झालं सुरू. "किल्ल्यावर कुत्रा नेतोस? लाज वाटत नाही? तिथे रक्त सांडलंय!"

ठीक. कुणाचं रक्त? कधी? मी विचारलं. ग्रुपवर एकदम शांतता. मग एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. असो.

तर सांगतो. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या दरबाराने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. त्यात थाळनेरही आलं. सर थॉमस हिस्लॉपचं सैन्य २७ फेब्रुवारीला किल्ल्यापाशी पोचलं, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा यांनी किल्ला सोडला नाही. आतून गोळीबार झाला, बाहेरून तोफा चालल्या. शेवटी किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या हाती आले. पण आतल्या दरवाजापाशी गोंधळ उडाला, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर इंग्रजांनी आतली सुमारे ३०० माणसांची शिबंदी कापून काढली. किल्लेदारांना त्याच दिवशी फाशी दिलं.

यात सोपा हीरो नाही, हे मला मान्य आहे. मालकाने सही केलेला तह किल्लेदाराने मानला नाही, असं इंग्रज म्हणत होते, आणि कागदावर ते खरंही होतं. पण हाती आलेल्या माणसाला चौकशीशिवाय लटकवणं खुद्द इंग्रजांनाही पचलं नाही. १८१९ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हिस्लॉपच्या आभाराचा ठराव केला, तेव्हा ही फाशी त्यातून मुद्दाम वगळली. म्हणजे बघा, थाळनेरच्या किल्लेदारावर लंडनमध्ये चर्चा झाली. आमच्या ग्रुपवर चर्चा झाली ती शेरूवर!

आणि हे काही एका ग्रुपपुरतं नाही. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्याचं घ्या. २०१२ मध्ये तो उखडला गेला, परत बसवला गेला, २०२५ मध्ये तो हटवा म्हणून पुन्हा मागणी झाली. त्या वाघ्याला समकालीन पुरावा नाही हा आक्षेप योग्यच आहे, इतिहासात पुरावा मागायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच, की दगडाच्या एका कुत्र्यासाठी जेवढी शाई आणि टीव्हीचा वेळ गेला, त्याच्या शंभराव्या हिश्श्याने तरी त्या ३०० माणसांचं नाव निघालं का? थाळनेर म्हटलं की लोकांना लता मंगेशकरांचं आजोळ आठवतं. छान आहे, आठवायलाच हवं. फार तर एखाद्याला फारुकी सुलतानांच्या कबरी. पण १८१८? शून्य. कारण ती हार आहे, आणि हरलेल्या लढाईचा डीपी ठेवता येत नाही.

आता कुत्र्यांविषयी. सरसकट "चालतं" असं मी म्हणत नाही. पट्टा हवाच, कारण गावात शेळ्या असतात आणि गावची कुत्रीही. घाण आपण उचलायची. कबरींच्या आत न्यायचं नाही. मनाईचा फलक असेल तर वाद न घालता मागे फिरायचं. रात्रीचा मुक्काम वास्तूत नाही, बाहेर. यातला एकेक नियम माणसांनाही लावा, मग बघा किती ग्रुप पास होतात ते. बाटल्या शेरू फोडत नाही. बुरुजावर स्पीकर तो लावत नाही.

तिथे शेळ्या चारणारे एक आजोबा भेटले. त्यांना मी आधीच विचारलं, कुत्रा आणलाय, चालेल ना? ते म्हणाले, "बरं शे भाऊ, भिंतवर नाव तं लिखत नही."

पावित्र्य म्हणजे कुणाला आत येऊ द्यायचं नाही याची यादी नव्हे. तिथे काय झालं हे माहीत असणं, म्हणजे पावित्र्य. माझ्या ग्रुपला माझं उघड आव्हान आहे: येत्या २७ फेब्रुवारीला थाळनेरला चला. घोषणा नकोत, ड्रोन नको. दरवाजापाशी दहा मिनिटं उभे राहू आणि काय घडलं ते एकमेकांना सांगू. शेरूला हवं तर मी शेतातच बांधतो.