मोबाइल मुलांच्या हाती, दोष आईच्या माथी

बोरीत बायकांच्या बैठकीत हल्ली एक गाऱ्हाणे हमखास निघते. पोरे मोबाइल सोडत नाहीत आणि घरचे म्हणतात, आईचे लक्ष नाही.

सोयाबीनच्या खुरपणीला, कापूस वेचायला दिवसभर जाणाऱ्या बाईने मूल ठेवायचे कुठे? अंगणवाडी काही तासांची. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घरात आलेला मोबाइलच मग मूल सांभाळतो. पूर्वीची मुले बोरे-चिंचा वेचत शिवार ओळखायची, हे खरे. पण धाकट्याला सांभाळताना थोरल्या बहिणीची शाळा सुटायची, तेही खरे.

२०२२ साली सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे ठरवले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. मला पहिली वाट पटते, कारण तिथे नियम मोठ्यांनाही आहे. नुसती बंदी घरात शिरली की आधी मुलीचा मोबाइल जातो. आणि वयात आली म्हणून शिवार तर तिला आधीच बंद! मुलगा निदान पारावर जातो. तिच्या वाट्याला चार भिंती.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत दोन मागण्या करू या : अंगणवाडीला जोडून पाळणाघर आणि दर रविवारी मुलामुलींची शिवारफेरी. फेरीला सोबत वडिलांनी जायचे. मूल दोघांचे, तर जबाबदारीही दोघांची.