चित्रांची पुस्तके लहानांचीच असतात का?

पहिलीत असताना तुमच्या हातात आलेले पहिले पुस्तक आठवा. अलिफ, आणि त्याच्या शेजारी लालबुंद अनार. बे, आणि त्याच्या शेजारी बकरी. त्या पुस्तकाला तुम्ही 'कायदा' म्हणता. मराठीत मात्र कायदा म्हणजे सरकारने केलेला नियम. म्हणून एखाद्या मराठी मित्राला 'मी लहानपणीच सगळा कायदा वाचला' असे सांगाल, तर तो तुम्हाला वकिलाचा मुलगा समजेल! ते असो. अनार ओळखीचे होते, म्हणून अलिफ ओळखीचा झाला. पुढे इयत्ता वाढत गेली तशी पुस्तकांतील चित्रे कमी होत गेली आणि अक्षरे बारीक होत गेली. आता धड्याच्या सुरुवातीला एखादे चित्र असते. पण त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी नीट पाहतही नाही.

एका शाळेच्या वाचनालयात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. आठवीतील एक मुलगी कपाटापुढे उभी राहून मराठी पुस्तके चाळत होती. तिने एक मोठ्या आकाराचे, चित्रांचे पुस्तक काढले. दोन पाने उलटली. तेवढ्यात तिची मैत्रीण हसून म्हणाली, 'ये तो छोटे बच्चों की किताब है!' मुलीने ते पुस्तक लगेच जागेवर ठेवले आणि एक जाड कादंबरी घेतली. आठवड्याने ती कादंबरी परत आली, तेव्हा खुणेचा कागद सहाव्या पानावर होता. चित्रांचे पुस्तक तिने पंधरा मिनिटांत वाचून संपवले असते. अभ्यासाबाहेर वाचलेले ते कदाचित तिचे पहिले मराठी पुस्तक ठरले असते. मैत्रिणीच्या एका हसण्याने ते राहून गेले.

मला असे वाटते की, चित्रांचे पुस्तक लहानांचे, ही समजूत चुकीची आहे. नवी भाषा शिकणाऱ्या मोठ्या मुलांचे तर तिने फारच नुकसान केले आहे.

ही पुस्तके मुळात भाषा शिकवण्यासाठीच जन्माला आली. कोमेनियस नावाचे एक मोठे शिक्षक सतराव्या शतकात होऊन गेले. आज ज्या देशाला आपण चेक प्रजासत्ताक म्हणतो, तिकडचे ते राहणारे. युद्धामुळे त्यांना आपला देश सोडावा लागला. पुढे एकदा ते राहत होते ते शहर जळाले, त्यात त्यांची पुस्तके आणि हस्तलिखितेही गेली. एवढे सोसूनही मुलांनी लॅटिन भाषा मार न खाता कशी शिकावी, याचाच ते विचार करीत राहिले. १६५८ साली जर्मनीतील न्यूरेम्बर्ग शहरात त्यांचे चित्रमय पुस्तक छापले गेले. त्यात १५० पाठ होते. प्रत्येक पाठाला एक चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे आणि खाली दोन भाषांत मजकूर. चित्रात ज्या वस्तूवर चारचा आकडा, तिचे नाव मजकुरात चार या आकड्याजवळ सापडे. मुलांनी आधी वस्तू पाहावी, मग शब्द शिकावा, अशी ती रीत होती. अक्षरे शिकवताना त्यांनी प्राण्यांच्या आवाजांची मदत घेतली होती. त्यांच्या पुस्तकात 'ब' या आवाजाच्या अक्षरासमोर बें बें करणारे कोकरू आहे. तुमच्या 'बे बकरी'चे हे जणू भावंडच!

या पुस्तकात शाळेवरही एक पाठ आहे. चित्रात शिक्षक आहेत, बाकांवर मुले आहेत, कोणी लिहीत आहे, कोणी उभे राहून पाठ म्हणत आहे. काही मुले गप्पा मारत आहेत, आणि अशांना छडी मिळते, हेही कोमेनियस यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी शाळा जशी होती तशी दाखवली. मला हे महत्त्वाचे वाटते. शाळेविषयीच्या पुष्कळ पुस्तकांत सगळी मुले हसरी, सगळे शिक्षक प्रेमळ आणि सगळ्या भिंती नुकत्या रंगवलेल्या असतात. असली पुस्तके वाचून आपण लगेच विसरतो.

आता आपल्या महाराष्ट्रातील एक शाळा पाहा. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा एक मुलगा शिकत होता. पुढे तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. वर्गात त्यांना बसायला वेगळे गोणपाट असे. ते त्यांनी घरून आणायचे आणि घरी न्यायचे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपाई येऊन नळ सोडील तेव्हाच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. या आठवणी बाबासाहेबांनी स्वतः लिहिल्या आहेत. त्यांच्या आधारे २०११ साली 'भीमायन' ही चित्रकादंबरी इंग्रजीत प्रसिद्ध झाली. चित्रकादंबरी म्हणजे चित्रे आणि संवाद यांतून सांगितलेली मोठी कथा. इंग्रजीत तिला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. 'भीमायन'ची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकारांनी काढली आहेत.

या चित्रांत एक विलक्षण गोष्ट आहे. चित्रकथेत पात्रांचे बोलणे फुग्यासारख्या आकृतीत लिहितात, हे तुम्हाला माहीत आहे. 'भीमायन'मध्ये ज्यांचे बोलणे मायेचे आहे, त्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात लिहिले आहेत. ज्यांचे बोलणे विषारी आहे, त्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. तहानलेल्या मुलाला कोणी हाकलले की त्या वाक्याच्या टोकाला नांगी दिसते. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही कोण कसे बोलत आहे ते कळते. शिवाय या चित्रकारांनी पानावर नेहमीच्या चौकोनी चौकटी आखल्या नाहीत. माणसांना चौकटीत कोंडणे त्यांना नको होते. घराच्या भिंतींवर त्यांच्याकडे ज्या नक्ष्या काढतात, तशा नक्ष्यांनी त्यांनी पाने विभागली. आता सांगा, हे लहान मुलांचे पुस्तक आहे का?

मोठ्या पुरस्कारांनीही हा भेद आता सोडला आहे. अमेरिकेत मुलांच्या उत्तम पुस्तकाला न्यूबेरी पदक देतात. २०२० साली ते प्रथमच एका चित्रकादंबरीला मिळाले. नव्या शाळेत बुजलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाची ती गोष्ट आहे, आणि तो मुलगा स्वतः चित्रे काढतो.

पण तुमच्यासाठी एकच पुस्तक निवडायचे झाले, तर मी ऑस्ट्रेलियाच्या शॉन टॅन यांचे 'द अरायव्हल' निवडीन. ते २००६ साली निघाले. त्यात वाचता येईल असा एकही शब्द नाही. एक माणूस बायको आणि मुलीला मागे ठेवून दूरच्या देशात जातो. तिथली लिपी चित्रकाराने स्वतः रचलेली आहे, त्यामुळे ती त्या माणसाला वाचता येत नाही आणि आपल्यालाही येत नाही. काही हवे असले की तो वहीत चित्र काढून दाखवतो. त्याला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, आणि तो सगळ्या जाहिराती उलट्या चिकटवतो! आपण हसतो. मग लक्षात येते की त्या अक्षरांचे वर-खाली आपल्यालाही ओळखता आले नव्हते. नवी भाषा शिकताना माणसाला जे लाजल्यासारखे होते, ते इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे पुस्तक मी पाहिलेले नाही. मराठीच्या तासाला तुमच्यापैकी कितीजण उत्तर येत असूनही बोलत नाहीत! चूक होईल, कोणी हसेल, असे वाटते ना?

काही शिक्षक म्हणतात, चित्रे असली की मुले शब्द वाचत नाहीत, अंदाजाने पुढे जातात. ही तक्रार खोटी नाही. मजकुरात 'आंबा पिवळा आहे' आणि चित्रात पिवळा आंबा, असे असेल तर शब्द वाचण्याची गरजच काय? पण तो दोष पुस्तक तयार करणाऱ्याचा आहे. चांगल्या पुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र त्याहून थोडे वेगळे सांगते. मुलगी म्हणते, 'मला मुळीच भीती वाटत नाही', आणि चित्रात तिने आईचा पदर घट्ट धरलेला असतो. इथे दोन्ही वाचावे लागते. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मिळाली तर जरूर पाहा. त्या लिहितातही आणि चित्रेही काढतात. त्यांची मराठी घरात बोलतात तशी साधी आहे.

वाचताना एक अडचण मात्र येईल. तुमच्या डोळ्यांना उजवीकडून डावीकडे जाण्याची सवय आहे. (जपानी चित्रकथा तशाच उजवीकडून वाचतात. तिथे तुमचे काही अडणार नाही, इतर मुलेच गोंधळतील.) मराठी चित्रकथा डावीकडून सुरू होते. पहिल्या दिवशी तुम्ही सवयीने उजव्या कोपऱ्यातील फुगा आधी वाचाल, म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. घोटाळा होईल. होऊ द्या. दोन-चार पानांनी डोळा वळणावर येतो.

वाचनालयातील ते मोठ्या आकाराचे पुस्तक मी नंतर कपाटातून काढून पाहिले. आत चिकटवलेल्या कागदावर पुस्तक नेल्याची तारीख लिहितात. त्या कागदावर एकही तारीख नव्हती. मी ते पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवले नाही. वर, जाड कादंबऱ्यांच्या रांगेत ठेवून दिले.