‘सोडू नका’मधलं ‘नका’ ऐकूच आलं नाही तर? मारबतीची गर्दी आणि वॉकी-टॉकीवरची मराठी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. 1881 पासूनची काळी मारबत आणि 1885 पासूनची पिवळी मारबत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात. सोबत बडगे, ढोलताशे, घोषणा, आणि रस्ते अरुंद. अशा वेळी पुढच्या चौकातला निरोप मागच्या चौकात नीट पोहोचला नाही, तर लोक एकमेकांवर रेटले जाऊ शकतात.

मोबाईल असताना वॉकी-टॉकी कशाला? एक तर एवढ्या गर्दीत नेटवर्कवर ताण येतो. दुसरं म्हणजे फोन एकालाच लागतो, वॉकी-टॉकीवर एकाचं बोलणं चॅनलवरचे सगळे ऐकतात. पण एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बटण दाबलेलं असेपर्यंत त्या संचावर दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. दोघांनी एकदम दाबलं, तर जवळचा किंवा जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळतो, नाहीतर नुसती खरखर उरते.

याची सगळ्यात मोठी किंमत 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या विमानतळावर मोजावी लागली. ‘थांबा, मी सांगतो’ हा कंट्रोल टॉवरचा निरोप आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा दुसऱ्या विमानाचा निरोप एकाच वेळी गेले. उड्डाणाच्या तयारीतल्या वैमानिकांना त्या जागी शिट्टीसारखा आवाज आला. दोन विमानांची टक्कर झाली, 583 जण गेले. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा नियम झाला.

मराठीत आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘लोकांना पुढे सोडू नका’ म्हणताना बटणावरचं बोट क्षणभर आधी उचललं गेलं, की पलीकडे ऐकू येतं ‘लोकांना पुढे सोडू...’. म्हणजे बरोब्बर उलटं! घाईत असं सहज होतं. त्यापेक्षा ‘थांबवा. लोकांना थांबवा’ हे बरं. अर्धं तुटलं तरी अर्थ उलटत नाही.

सुरुवातीलाही तोच घोळ. बटण दाबताक्षणी बोललं तर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुतेक वेळा ज्याला हाक मारायची त्याचं नाव असतं. दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. आधी कुणाला, मग कोण बोलतंय, मग काम. आकडे सुटे सांगा: ‘साठ’ आणि ‘सात’ ढोलाच्या आवाजात सारखेच वाटतात, ‘सहा-शून्य’ वाटत नाही. ऐकणाऱ्यानेही नुसतं ‘हो हो’ म्हणू नये, ‘नेहरू पुतळ्याकडची वाट थांबवतो’ असं निरोपच परत सांगावा. चूक झाली असेल तर तिथेच पकडली जाते.

मंडळाच्या स्वयंसेवकांसाठी ऑनलाइन संच मागवायचे असतील, तर आधी फ्रीक्वेन्सी बघा. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या वॉकी-टॉकींसाठी परवानामुक्त आहे, पण त्या संचालाही सरकारी उपकरण मान्यता लागते. बेकायदा संचांची ऑनलाइन विक्री रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. आणि खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. इतवारीतल्या दाटीवाटीच्या इमारतींमध्ये ते बरेच कमी होतात, म्हणून मिरवणुकीच्या आदल्या दिवशीच संच घेऊन पूर्ण मार्ग चालून बघावा.