चाचांकडे हिशोब मागावा का?

अकोला-अमरावतीकडे काही घरांत वाडवडिलांनी शेत किंवा दुकान वक्फ-अलल-औलाद करून ठेवलेले असते. मुतवल्ली घरातलेच बुजुर्ग. बटईचे किती आले, भाडे कुठे गेले, असे विचारले की बेअदबी ठरते. लेकीबाळींना तर कुणी सांगतही नाही.

आम्हांला हे पटत नाही. मुतवल्ली मालक नव्हे, अमानतदार आहे. प्रिव्ही कौन्सिलने १८९४ साली नाकारलेले असे वक्फ १९१३ च्या कायद्याने पुन्हा वैध झाले, ते औलादीच्या आधारासाठी; एकाच्या कपाटासाठी नव्हे.

आधी वक्फनामा आणि सातबारा वाचा. मग भावा-बहिणींनी मिळून अदबीने, पण लेखी हिशोब मागा. खैरातीसाठी राखलेल्या भागाला १९९५ चा वक्फ कायदा लागू होतो. त्याचा हिशोब मुतवल्लीने दरवर्षी वक्फ बोर्डाला द्यायचा असतो. गैरकारभार दिसला तर चौकशीनंतर दोन-तृतीयांश बहुमताने बोर्ड त्याला काढू शकते. घरच्या वाट्याचा वाद असेल तर वकिलाला कागद दाखवा.

हिशोब मागितल्याने नाते तुटत नाही. तो वर्षानुवर्षे दडवल्याने तुटते.